खालून आलेलं वाक्य

वेंडलर अडले.

तिसरा अंक चालू होता. गडाला वेढा पडलेला आणि धाकटा मुलगाही बापाला सोडून निघालेला. त्याला अडवायला म्हातारा सरदार हात वर करतो आणि बोलू लागतो, असा तो प्रवेश. हात वर गेला, पण शब्द आले नाहीत. मी विंगेत सुईदोरा घेऊन उभी होते, कारण मुलाच्या अंगरख्याची बाही आधीच्याच प्रवेशात उसवली होती. मला वेंडलरांची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीचं माप मी वर्षानुवर्षं घेत आले होते. ती ताठरली आणि मला कळलं, हा काही अभिनयातला विराम नव्हे. माणूस खरंच हरवला होता.

प्रेक्षागृह एकदम चिडीचूप. मग रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या लाकडी टोपाखालून बारीक कुजबुज आली. मला ती ऐकू आली ते मी कान देऊन उभी होते म्हणून. पहिल्या रांगेतल्या माणसालाही ती कधी ऐकू जात नसे. वेंडलरांचा हात सावकाश खाली आला आणि त्यांचा तो खर्जातला आवाज घुमला: "जा बाळा. घोडा दमव, पण रस्त्यात रडू नकोस." मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्या विरामावर आख्खा परिच्छेद आला. एवढं मौन पेलणारा नट आज देशात दुसरा नाही, असं त्यात लिहिलं होतं.

प्रयोगानंतर फ्रीडल रंगपटात डोकावली तेव्हा वेंडलर चेहऱ्यावर चरबी चोळून रंग उतरवत होते.

"आज उशीर केलास," ते आरशातूनच म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही विचार करताय."

"मी रंगमंचावर विचार करत नसतो, फ्रीडल. ते तुझं काम."

ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

एल्फ्रीडे त्सांडर, म्हणजे आमची फ्रीडल, ही आमच्या नाट्यगृहाची प्रॉम्प्टर, नट अडला की त्याला वाक्य कुजबुजून देणारी. हिर्शनराडे हे थुरिंगियातलं लहानसं गाव, पण नाट्यगृह मात्र कुण्या ड्यूकनं हौसेनं बांधलेलं, सोनेरी सज्जे असलेलं. त्याच्या रंगमंचात मधोमध, अगदी पुढे, एक पेटी होती. तळघरातून पायऱ्या चढून तिच्यात शिरायचं आणि स्टुलावर बसायचं, की मान रंगमंचाच्या पातळीला येते. प्रेक्षकांच्या बाजूला टोप, त्यामुळे त्यांना ती दिसत नसे आणि तिला ते. तिला दिसायचे ते नटांचे जोडे, झग्यांच्या कडा आणि वर मान केली तर नाकपुड्या. एकदा पडदा गेला की अंक संपेपर्यंत बाहेर पडायची सोय नाही. खोकला येवो, पोटात कळ येवो, तिथंच बसायचं.

तिला तिथं बसायचं नव्हतं. तांबूस केसांची, हनुवटीवर खळी असलेली फ्रीडल आमच्याकडे नटी म्हणून आली होती. पहिल्या हंगामात तिला मोलकरणीचं काम मिळालं. "मालक, पाहुणे आलेत," एवढंच वाक्य. त्याच हिवाळ्यात म्हातारी प्रॉम्प्टर बर्फावर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हाचे दिग्दर्शक फ्रीडलला म्हणाले, "पोरी, एवढा हंगाम खाली बस." ती बसली. तिची कुजबुज अशी निघाली, की नटाच्या कानात थेंब पडावा तशी पडायची आणि पुढे कुठं सांडायची नाही. असा गळा सहजासहजी मिळत नाही म्हणे. दिग्दर्शक बदलले, पडदे बदलले, प्रेक्षागृहातल्या खुर्च्याही बदलल्या, पण तो हंगाम काही संपला नाही.

आमच्याकडे सगळं व्हायचं. चारशे वर्षांपूर्वी चांभार-शिंप्यांनी जत्रेत केलेले फार्स, ज्यांत नवरा झाडूचा मार खातो. धर्मयुद्धाच्या राखेतून निघालेली ती काळीकुट्ट शोकनाटकं, ज्यांत शेवटी कुणी जिवंत उरत नाही आणि रक्ताचे सदरे धुवायला माझ्याकडे येतात. मग केसांना पावडर लावणारे दरबारी. मग शाळेत घोकून घेतात ती थोर नाटकं. मग चांदणं, जंगल आणि विहिरीत जीव देणाऱ्या मुली. मग गिरणीतली भूक. आणि आताशा पोलादाच्या भट्टीवरच्या कामगारांची नाटकं, ज्यांत शेवटी सगळे हसतात. आमच्या भाषेत आजवर जे जे बोललं गेलं, ते सगळं फ्रीडलच्या ओठांतून जायचं. टाळ्या वर व्हायच्या.

त्याचा परिणाम तिच्या बोलण्यावर झाला होता. एकदा भाजीच्या दुकानात आम्ही रांगेत उभ्या होतो. दुकानदारीण म्हणाली, "बटाटे संपले." फ्रीडल आपल्याच तंद्रीत होती. ती म्हणाली, "मग या अभागिनीवर कृपादृष्टी कधी व्हावी?" सगळी रांग हसली. दुकानदारीण म्हणाली, "मंगळवारी, राणीसरकार!" फ्रीडल कानापर्यंत लाल झाली. नंतर वाटेत मला म्हणाली, "रोझी, माझ्या डोक्यात माझं असं एखादं वाक्य शिल्लक असेल का गं?"

"मंगळवारी लवकर ये, एवढं वाक्य डोक्यात ठेव," मी म्हटलं.

लग्न तिनं केलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली होती. धाकटी बहीण गिझेला परिचारिका व्हायला पश्चिमेकडच्या गॉटिंगेनला गेली, आणि पुढच्या वर्षी दोन जर्मनींच्या सीमेवर काटेरी तारा होत्या त्या जागी भिंती आणि सुरुंग आले. गॉटिंगेन आमच्यापासून लांब नाही. पूर्वी लोक सकाळच्या गाडीनं बाजाराला जाऊन संध्याकाळी परत यायचे. आई वारली तेव्हा गिझेलाला येता आलं नाही. परवाना येईपर्यंत माती होऊन गेली होती. तेव्हापासून फ्रीडल नाट्यगृहामागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. खोलीतून निघाली की पेटी, पेटीतून निघाली की खोली.

आता त्या सरदाराच्या नाटकाविषयी सांगायला हवं. ते लिहिणारा आमच्याच गावचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. चौकात त्याचा पुतळा आहे, त्याच्या डोक्यावर कबुतरं बसतात. शत्रू गडाला वेढा घालतो आणि सरदाराला सांगतो, तुला जाऊ देतो, दार उघडं आहे. मुलं जातात, चाकर जातात, सरदार जात नाही. धाकट्या मुलाच्या निरोपानंतर त्याच्या तोंडी एक वाक्य आहे: "दार उघडं आहे म्हणून मी थांबलोय. बंद असतं, तर केव्हाच तोडलं असतं."

वेंडलर त्यात उभं आयुष्य होते. आधी धाकटा मुलगा, मग मधला, मग थोरला आणि शेवटी सरदार. एकदा मी त्यांच्या झग्याची कंबर सैल करत होते, तेव्हा त्यांनी मला त्या वाक्याची कहाणी सांगितली.

"माझ्या आजोबांनी हे नाटक कैसरच्या काळात पाहिलं. तेव्हा हे वाक्य नव्हतं. राजाचा अपमान होतो म्हणे. माझ्या तरुणपणी होतं, पण लोक जांभया द्यायचे. मग ते हिटलरचे तपकिरी सदरेवाले आले. एके दिवशी वरच्या सज्जातून या वाक्यावर टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी वाक्य गायब. मग युद्ध संपलं. नाट्यगृहाला छप्पर नव्हतं, लोक तिकिटाबरोबर शेगडीसाठी कोळशाची एकेक वीट घेऊन यायचे. तेव्हा आम्ही ते बोललो. सगळे रडले. फ्रीडल आईच्या मांडीवर बसली होती वर."

"आणि आता?"

"आता आपलं सरकार आहे," ते म्हणाले. "आपल्या सरकारनं कात्री त्याच जागी लावली."

"खरंच आहे," मी टाचण्या तोंडात धरूनच म्हणाले. "दार उघडं कुठाय?"

त्यांनी मागं वळून बघितलं. "रोझी, कंबर सैल कर. तोंड नको."

नाटककाराची द्विशताब्दी आली आणि गॉटिंगेनच्या नाट्यगृहानं आम्हाला बोलावलं. एक प्रयोग, रविवारी दुपारी. सकाळी बसनं निघायचं, दिवेलागणीपर्यंत सीमेच्या अलीकडे. सगळ्या गावात चर्चा. कुणाला जाऊ देतात, कुणाला नाही. ज्यांची मुलंबाळं मागं राहणार होती त्यांना लगेच होकार मिळाला. माझा नवरा आणि दोन मुलं, म्हणजे मी बिनघोर. फ्रीडलला नकार आला.

आमचे व्यवस्थापक पाश्के साहेब स्वभावानं वाईट नव्हते. भेकड होते, पण वाईट नव्हते. त्यांनी वेंडलरांना बोलावलं, मीही तिथंच होते. दौऱ्याच्या कपड्यांच्या पेट्यांबद्दल विचारायला गेले होते.

"त्सांडर बाईंचं इथं कुणी नाही आणि तिकडं सख्खी बहीण आहे," पाश्के म्हणाले. "वरून स्पष्ट सांगितलंय. दुसरी प्रॉम्प्टर घेऊ."

"मग सरदारही दुसरा घ्या."

"वेंडलर साहेब, तुम्हाला प्रॉम्प्टर लागतो कुठं? तुमचं तर सगळं तोंडपाठ."

वेंडलरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खरं काय ते खोलीतल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणीच बोलणार नव्हतं. "लागत नाही," ते म्हणाले. "पण तिथं खाली दुसरा चेहरा दिसला, तर माझा घसा सुकेल."

पाश्के साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आले. मग त्यांनी फ्रीडलला बोलावून घेतलं. तिनं नंतर मला सगळं सांगितलं.

"बाई, तुमच्यासाठी मी माझी मान अडकवलीय," ते म्हणाले. "तुम्ही परत याल ना?"

"येईन."

"शपथ नको. मला एवढंच सांगा, इथं तुमचं आहे तरी काय?"

तिनं म्हणे त्यांच्या टेबलावरच्या वेळापत्रकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हिवाळ्यापर्यंतचे प्रयोग लागलेत, साहेब."

पाश्के साहेबांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी सही केली.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. सीमेवर सैनिकांनी बसखाली आरसे फिरवले, सरदाराचा झगासुद्धा झटकून पाहिला. मग अडथळा वर गेला. पलीकडे तीच टेकडी, तीच बीचची झाडं, तेच कावळे. फ्रीडल काचेला नाक लावून होती.

"वेगळं काही दिसत नाही गं," ती म्हणाली.

"तुला काय, सोन्याची झाडं हवी होती?"

"नाही. वेगळं दिसलं असतं तर बरं वाटलं असतं."

गॉटिंगेनच्या नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी गिझेला उभी होती. निळा कोट, कापलेले केस. मी तिला लहानपणी पाहिलेली, पण चालण्यावरून लगेच ओळखलं. दोघी बहिणी एकमेकींपासून हातभर अंतरावर थांबल्या. मग गिझेला म्हणाली, "ताई, तू आईसारखी दिसायला लागलीस," आणि फ्रीडलच्या गळ्यात पडली.

समोरच्या कॉफीच्या दुकानात आम्ही तिघी बसलो. मी उठून जायला निघाले तर फ्रीडलनं माझा हात धरून ठेवला. गिझेलानं मनुकांचा केक मागवला. कुणी खाल्ला नाही.

"खोली तयार आहे," गिझेला हळूच म्हणाली. "रस्त्याकडच्या बाजूची, ऊन येतं. पडदे लावलेत. प्रयोग झाला की मागच्या दारानं ये. माझा हेल्मुट गाडी घेऊन थांबेल. तुला कुणाला काही सांगायचंसुद्धा नाही."

"पाश्के साहेबांनी माझ्यासाठी मान अडकवलीय."

"पाश्के कोण?"

"आमचे व्यवस्थापक. आणि वेंडलर..."

"त्यांचं काय?"

"त्यांच्या आता काही लक्षात राहत नाही, गिझी. मी नसले तर एक अंकसुद्धा होणार नाही. नाटक बंद झालं तर ते महिनाभरही जगणार नाहीत."

"ते तुझे कोण लागतात, ताई?"

फ्रीडलनं केकचा तुकडा केला, त्याचे आणखी तुकडे केले. "कोणी नाही," ती म्हणाली. "पण त्यांच्या तोंडून मी बोलते. दुसरीकडे कुठं बोलू?"

"माझ्याशी बोल!" गिझेला जवळजवळ ओरडली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं. गिझेलानं आवाज उतरवला. "आई गेली तेव्हा मी कुंपणाच्या या बाजूला टेकडीवर जाऊन उभी राहिले होते. गावातल्या चर्चचं टोकसुद्धा दिसत नाही तिथून. तुला ठाऊक आहे? मी उगाच तिकडे बघत उभी होते. आता तू इथं समोर बसलीस, आणि मला कुठल्या म्हाताऱ्या नटाचं सांगतेस?"

फ्रीडलनं बहिणीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. निघताना ती एवढंच म्हणाली, "दारापाशी ये. मी येईन तिथं." त्याचा अर्थ गिझेलानं काय घेतला असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही वाटलं, ही राहणार. आणि खरं सांगते, मला तसंच व्हायला हवं होतं.

नाट्यगृह खचाखच भरलं होतं. पहिले दोन अंक वेंडलर एवढे छान बोलले, की फ्रीडलला ओठ हलवावे लागले नाहीत. मध्यंतरात पाश्के साहेब सगळ्यांना पाठीवर थाप मारत हिंडत होते. तिसरा अंक सुरू झाला. मुलगा निघाला. वेंडलरांचा हात वर गेला आणि ते अडले. खालून कुजबुज आली, त्यांनी ती उचलली, मुलाला निरोप दिला, मुलगा गेला. आता सरदार एकटा. आमच्या प्रतीत इथून पुढं थेट रात्रीच्या पहारेकऱ्याचा प्रवेश, मधलं कापलेलं. वेंडलरांनी पहारेकऱ्याला हाक मारायची होती. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

त्यांनी खाली पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना प्रयोगात पेटीकडे नजर वळवताना कधी पाहिलं नव्हतं, ते त्यांच्या अभिमानात बसणारं नव्हतं. आज पाहिलं. पहारेकरी माझ्या शेजारी विंगेत भाला घेऊन उभा होता, तो पुटपुटला, "बोलाव ना, म्हाताऱ्या, बोलाव."

पेटीतून कुजबुज आली.

खालून जे येईल ते वेंडलर बोलत. ती त्यांना लागलेली सवय होती; शब्द आधी तोंडातून जायचे, अर्थ मागून यायचा. त्यांचा आवाज भरून आला. "दार उघडं आहे म्हणून मी थांबलोय," ते म्हणाले आणि क्षणभर थबकले. मला त्यांच्या मानेची शीर दिसली. अर्थ पोचला होता. तिथं थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. "बंद असतं, तर केव्हाच तोडलं असतं."

त्या लोकांनी हे वाक्य शाळेत पाठ केलेलं होतं. आमच्याकडून ते येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते आलं, तेव्हा आधी कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला, मग सगळं प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. पहारेकरी प्रवेश करायचाच विसरला. विंगेच्या दुसऱ्या बाजूला पाश्के साहेब पडद्याची दोरी धरून उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. आणि त्या सगळ्या गदारोळात टोपाखाली काही हललं नाही. अंक संपल्याशिवाय तिला बाहेर येता येणार नव्हतं.

प्रयोग संपला. मी धावतच तळघरात गेले. फ्रीडल पायरीवर बसली होती.

"मुद्दाम दिलंस?" मी विचारलं.

"त्यांनी माझ्याकडे बघितलं, रोझी. तसे डोळे मी कधी बघितले नव्हते. मला आत चाचपडताना जे हाताला लागलं, ते मी दिलं." मग म्हणाली, "आईच्या मांडीवर ऐकलं होतं ना, ते आधी हाताला लागलं."

"आता तर जाच तू. मागच्या दारानं. मी तुला पाहिलं नाही."

ती उठली. आम्ही मागच्या दाराशी आलो. गिझेला होती, पलीकडे गाडीचं इंजिन चालू होतं.

"चल ताई. आता तर तुला परत जाताच येणार नाही. ते तुला सोडतील?"

"मला नाही सोडणार. पण मी परत गेले तर वेंडलरांना सोडतील." फ्रीडल शांतपणे सांगत होती, जणू काम वाटून देत होती. "मी इथं राहिले, की ते म्हणतील, वेंडलर बोलले ते ठरवून बोलले. त्यांना स्वतःची बाजू मांडता यायची नाही. चार वाक्यं नीट लक्षात राहत नाहीत त्यांच्या. मी परत जाऊन सांगते, की वाक्य मी दिलं, चूक माझी. मग प्रश्नच मिटतो."

गिझेला तिला मारायला धावेल असं मला वाटलं. तिनं बहिणीच्या कोटाची वरची दोन बटणं लावली, जशी आई लावते. "तू पहिल्यापासून मूर्ख आहेस," ती रडत म्हणाली. "पहिल्यापासून."

बस नाट्यगृहापुढे उभी होती. आम्ही चढलो. सगळे आले, पेट्या चढल्या. वेंडलर आले नाहीत. पाश्के साहेब आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी तिथला द्वारपाल येऊन म्हणाला, की तुमचे म्हातारे साहेब तर मघाशीच पुढच्या दारानं गेले, वर्तमानपत्रवाल्यांबरोबर, मोटारीत बसून.

मी फ्रीडलकडे पाहिलं. ती नाट्यगृहाच्या पुढच्या दाराकडे बघत होती. मागच्या गल्लीतून अजूनही गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता, बहुतेक. मी तिच्या दंडाला धरून म्हटलं, "अजूनही उतर. फ्रीडल, अजून वेळ आहे." ती उठली. खरंच उठली. बसच्या दारात पाश्के साहेब उभे होते. ते बाजूला झाले नाहीत आणि आडवेही आले नाहीत. नुसते उभे होते, टोपी हातात. फ्रीडलनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा येऊन बसली.

सीमेवर आमच्या बाजूच्या अधिकाऱ्यानं माणसं मोजली, पुन्हा मोजली. मग अडथळा आमच्यामागं खाली आला.

पाश्के साहेबांना महिन्याच्या आत काढलं. कुठल्याशा चिनी मातीच्या कारखान्यात वाचनालय सांभाळायला पाठवलं, असं ऐकलं. फ्रीडलची चौकशी मात्र संपेना. जो पळाला त्याचा विषय एका दिवसात संपला होता. जी परत आली ती त्यांना समजत नव्हती. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वाक्य मी दिलं." चौकशी करणारा तरुण अधिकारी म्हणे हसला. "बाई, तुम्ही दिलं असतंत, तर तुम्ही परत आला असतात? कुणाला वाचवताय? बहिणीला काय काम दिलंय तुम्ही?" ती पुन्हा पुन्हा खरं सांगत होती आणि ते पुन्हा पुन्हा तिला घरी पाठवून परत बोलावत होते. तोवर पेटीत बदली मुलगी बसवली होती. फ्रीडल माझ्याबरोबर कपडेपटात बटणं लावायची.

पुढं एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. जेवण झालं, नवरा मुलांना घेऊन तळ्याकडे गेला. मी भांडी घासत होते, ती पुसत होती, आणि रेडिओवर पलीकडचं केंद्र बारीक आवाजात लावलेलं होतं, सगळेच लावायचे. एकाएकी वेंडलरांचा आवाज आला. मी हात पाण्यातच ठेवून उभी राहिले.

मुलाखत घेणारी बाई विचारत होती, "सगळा देश त्या वाक्याबद्दल बोलतोय. ते बोलायचं आपण कधी ठरवलंत?"

"ठरवलं नाही," वेंडलर म्हणाले. त्यांचा आवाज स्वच्छ, ठाम. "असं वाक्य ठरवून बोलता येत नाही. ते मला कुणी दिलं नाही, कुणी सुचवलं नाही. तिथं आयुष्यभर प्रत्येक शब्द मला खालून पुरवला गेला. हा एक शब्द तेवढा माझ्या आतून आला. तो बोलल्यावर मला परत जाता येणार नव्हतं."

"केवढं हे धाडस!" ती बाई म्हणाली.

मी नळ बंद केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "निर्लज्ज थेरडा! ऐकलंस? आतून आला म्हणे. आणि 'खालून पुरवला' काय? तुला म्हणतोय तो, तुला!"

फ्रीडल हातातली थाळी पुसत होती. ती पुसून कोरडी झाली होती तरी पुसत होती.

"आता ते मला बोलावणार नाहीत," ती म्हणाली.

"कोण?"

"चौकशीवाले. हे त्यांनीही ऐकलं असेल. कुणी सुचवलं नाही असं ते स्वतःच म्हणाले ना. माझं सुटलं."

मी ओले हात पुसले. "तुला वाटतं, ते तुझ्यासाठी तसं बोलले?"

"कसं सांगणार," ती म्हणाली. "माझ्यासाठी असेल, स्वतःसाठी असेल. त्यांना आता खरंच तसं वाटतही असेल. त्यांच्या लक्षात राहत नाही." तिनं थाळी फडताळात ठेवली, दुसरी उचलली. मग म्हणाली, "पण नीट बोलले. एवढं लांब बोलले, कुठं अडखळले नाहीत."

रेडिओवर आता हवामान सांगत होते. त्यांचं हवामान सीमेपर्यंत येऊन थांबायचं, पुढचं आम्ही अंदाजानं घ्यायचो. गॉटिंगेनला थंडी वाढणार होती, म्हणजे आमच्याकडेही. फ्रीडलनं ते शेवटपर्यंत ऐकलं. तिचं म्हणणं खरं ठरलं; त्याच आठवड्यात तिला पुन्हा पेटीतल्या कामावर घेतलं. सीमेपलीकडे जायचा परवाना मात्र तिला त्यानंतर कधी मिळाला नाही, गिझेला आजारी पडली तेव्हाही नाही.

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. तिनं टॉवेल घडी करून दांडीवर टाकला आणि कोट चढवला. दारात थांबून ती म्हणाली, "रोझी, तुमच्या कपडेपटात जाड लोकरीचे मोजे असतील तर एक जोड काढून ठेव. तालमी सुरू झाल्या की लागतील. खाली पाय फार गारठतात गं."